मोठा बीम

राजेश्वरीनं स्क्रू काढून कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, डबा आडवा धरला आणि टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. आतून रुईचा राखाडी बोळा पडला, पाठोपाठ आणखी एक. पंखा नेमका कुठं आहे ते आता दिसायला लागलं.

"मेलं का?" गुरप्पामामांनी विचारलं. पलीकडच्या टेबलाशी ते लाल पेन्सिलीला टोक करत बसले होते.

"मरतंय कशाला? सुखानं लोळतंय की. डिझाईनमदल्या मोराच्या पिसाऱ्याला हात लावला की बसकण मारतंय."

"मग जरा दम घिऊ दे त्येला."

"दम घ्यायला मालक देतील व्हय? तुमी बी काय मामा!"

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या चादरीच्या कारखान्यात डिझाईनची खोली म्हणजे लूमच्या शेडला चिकटवलेलं पत्र्याचं खोपट. भिंतीपलीकडं दिवसभर लूम खडाखडा चालायचे आणि दाराच्या फटीतून रुई आत यायची. एप्रिल लागला की सोलापुरात माणसं सावली धरून चालतात; या खोलीत सावलीसुद्धा तापायची. कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या पतसंस्थेतून उचललेला, म्हातारा. शेठ लोकांचं एक नवल असतं. लूमचं तेल कमी झालेलं त्यांना फाटकातून कळतं, पण डिझाईनच्या खोलीतला पंखा फिरतोय की नाही, हे वर्षानुवर्षं कळत नाही.

काम असं चालायचं. गिऱ्हाइकाचं चित्र आलं की राजेश्वरी ते कॉम्प्युटरवर घराघरांत उतरवायची. एक घर म्हणजे एक धागा, वर किंवा खाली. एखाद्या जागी धागा बांधलाच गेला नाही, नुसता वरून तरंगत गेला, तर चादर धुतल्यावर तो लोंबतो, कुणाच्या तरी बांगडीत अडकतो आणि नक्षी उसवत नेतो. अशी चूक लूमवर जायच्या आत धरावी लागते. प्रोग्रॅममध्ये ती धरायची सोय होती, पण सगळं डिझाईन एकदम उघडायचं म्हटलं की हा डबा मान टाकायचा. म्हणून राजेश्वरी डिझाईनच्या पट्ट्या छापायची, डिंकानं जोडून टेबलभर कागद करायची, आणि गुरप्पामामा त्यावर लाकडी पट्टी सरकवत, एकेक ओळ बघत, चुकीच्या जागी लाल खूण करायचे. अर्धा दिवस त्यात जायचा.

हे काम तिला मामांनीच शिकवलं होतं. आधी ती याच कारखान्यात चादरींच्या घड्या घालायची. घडी घालता घालता तिनं एकदा लांबूनच काठातली चूक दाखवली, तेव्हा "ह्या पोरीचा डोळा चांगला हाय," म्हणून मामांनी थोरल्या शेठशी भांडून तिला या खोलीत आणलं. ती तो उपकार कधी विसरली नाही, आणि मामांनी तो कधी बोलून दाखवला नाही.

दुपारी अमृतशेठ आले. थोरल्या शेठच्या माघारी कारखाना त्यांच्याकडे आला होता. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत. ते दारातच उभे राहिले. आत आलं की कपड्यांना रुई लागते.

"मोर झाला?"

"उद्या देते की, मालक."

"कालसुद्धा उद्याच होता." त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "सुरतेचा एक जण आहे. फोटो पाठवला की संध्याकाळी तयार डिझाईन हातात. त्याला ना हजेरी, ना रजा."

"मशीन लई जुनी झालीया. नवी घेतली तर—"

"नवीबिवी नाही. हीच पळवा. महिनाअखेरपर्यंत बघतो, नाही पळाली तर ही खोली बंद. तेवढीच रुई कमी." आपल्याच बोलण्यावर ते हसले आणि गेले.

गुरप्पामामांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची बायको चंद्रव्वा आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर असायची. कुंभारीच्या कामगार वसाहतीतून मामा तिला रिक्षात घालून न्यायचे आणि तिचं सगळं कामगार विम्याच्या कार्डावर व्हायचं. दिवाळीला मामांना साठ पुरी होणार होती. रीतसर निवृत्त झालं तर ते कार्ड नवराबायकोला पुढंही चालतं. त्याआधी हजेरीवरून नाव कटलं तर काही महिन्यांत तेही कटतं. "कार्ड बंद म्हंजे चंद्रव्वा बंद," असं मामा एकदा चहा ओतता ओतता म्हणाले होते.

"दिवाळीपतोर ही खोली टिकली पायजे, राजव्वा," मामा आता म्हणाले. ते मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी. राजेश्वरीची त्यांनी पहिल्याच दिवशी राजव्वा करून टाकली होती.

"टिकवू की. मी हाय न्हवं?" ती म्हणाली आणि झाकणाचे स्क्रू आवळायला लागली.

दुसऱ्या दिवशी बसवेश आला. शहरात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बोलणं असं होतं की अर्ध्या रोगाला तेवढ्यानंच उतार पडावा. त्यानं डबा चालू केला, मोर उघडला, पिसाऱ्यापाशी तो कसा अडकतो ते हाताची घडी घालून बघितलं.

"दोन रस्ते आहेत, ताई. एक, ओव्हरक्लॉक. म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं जो वेग ठरवून दिलाय त्याच्यापेक्षा जोरात पळवायचा. नवीन सामान लागत नाही, सेटिंग बदललं की झालं. पण तो तापतो. दुसरा, रॅम वाढवायची. वेग तोच राहतो, पण एका वेळी जास्त काम समोर मांडता येतं. आत्ता होतंय काय, तुमचा मोर याच्या टेबलावर मावत नाही. अर्धा मोर कपाटात ठेवतोय, अर्धा काढतोय. सगळा दिवस त्या उचलाठेवीत चाललाय."

"म्हंजे पयलं ते पुली बदलल्यागत," मामा पलीकडून म्हणाले. "मोटरची पुली मोटी बसवली की लूम जोरात पळतंय."

"अगदी तसंच."

"आन् दुसरं ते मोटा बीम चढवल्यागत. बीमच्या रुळावर जास्त सूत बसलं की लई दिवस बदलायला लागत न्हाय."

"आता तुम्हीच माझ्या दुकानात बसा, मामा," बसवेश हसला. "पण माझं ऐकाल तर रॅम. या डब्याचं दुखणं वेगाचं नाही, जागेचं आहे. जुन्या जातीची रॅम आहे, शोधावी लागेल, पण सापडेल."

"पुली बदल," मामा म्हणाले.

"अवो मामा, त्यो काय म्हणतोय ते तरी—"

"पुली बदल म्हनलं न्हवं!"

मामांचा आवाज असा कधी चढत नसे. बसवेशनं राजेश्वरीकडं बघितलं. तिला हसू आलं आणि थोडी कीवही आली. जन्म लूममध्ये गेलेला माणूस, त्याला प्रत्येक दुखण्यावर पुलीच आठवणार. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको, शिवाय खर्चही नाही. "कर बाबा पुली," ती म्हणाली.

काही दिवस बरे गेले. चोच, मान, पंख भराभर झाले. पिसाऱ्यापाशी मात्र डबा पूर्वीसारखाच अडकायचा. मामा रोज सकाळी विचारायचे, "पळतंय न्हवं?" आणि ती "पळतंय की" म्हणायची. मग एका दुपारी, बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना, पडदा काळा झाला आणि डब्यातून करपल्याचा वास आला. सकाळपासूनचा सगळा मोर गेला.

बसवेशनं येऊन पुन्हा रुई काढली, सेटिंग जागेवर आणलं. "वाचलाय. पण आता याला पळवू नका. या उन्हात, या रुईत पळायचं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालून पळायचं. आणि मिळालं काय? आधी मावत नव्हतं, आता जरा लवकर मावेना झालं."

"मग ती रॅमच टाक."

मामा उठून तिच्या खुर्चीपाशी आले. "मोटा बीम नगं, राजव्वा," ते हळू आवाजात म्हणाले.

"का वो?"

"मोटा बीम आला की…" मामा थांबले. बसवेश तारा गुंडाळत होता. "जाऊ दे. तुज्या मनाला यील तसं कर बाई."

राजेश्वरीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. महिनाअखेर तोंडावर आली होती. खोली वाचवायची तर डबा चालला पाहिजे, तिला एवढंच दिसत होतं. बसवेशनं कुठून तरी जुन्या मशीनमधल्या रॅमच्या पट्ट्या मिळवल्या. त्यानं त्या बसवल्या त्या दिवशी मामा चंद्रव्वाला घेऊन दवाखान्यात गेले होते.

मोर एका झटक्यात उघडला, चोचीपासून शेपटाच्या टोकापर्यंत, काठावरच्या वेलीसकट. राजेश्वरीनं आजवर तो असा सबंध कधी पाहिलाच नव्हता. तिनं भीत भीत तपासणीचं बटण दाबलं. दोन ठिकाणी लाल ठिपके लुकलुकले. जाऊन बघितलं तर खरोखरच दोन्ही जागी धागा लोंबत होता. तिचा अर्धा कप चहा अजून गरम होता. तिला इतका आनंद झाला की उठून स्वतःच अमृतशेठना बोलवायला गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेठ पहिल्यांदाच खोलीच्या आत आले आणि तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. "पुन्हा करून दाखव."

तिनं दाखवलं.

"म्हणजे आता कागद छापायचा नाही?"

"न्हाई मालक."

"चिकटवत बसायचं नाही?"

"न्हाई की." ती हसत होती.

"मग मामा काय करणार?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं. पूर्वी लूमवरचा बीम संपला की जुन्या धाग्यांना नवे धागे सांधायला बायका असायच्या. तिची आई त्यातलीच एक. मांडी घालून बसायची, बोटं रक्ताळेपर्यंत गाठी मारायची. मग मोठे बीम आले. बीम उशिरा संपू लागले, सांधायचं काम निम्म्यावर आलं, आणि बायकाही निम्म्या झाल्या. आई त्या गेलेल्या निम्म्यांत होती. पुली बदलली तेव्हा कुणी गेलं नव्हतं. माणसं दमली, शिव्या घातल्या, पण राहिली. मामा तेव्हा शेडमध्येच होते, त्यांनी हे सगळं बघितलं होतं. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नसेल, पण मोठ्या बीमनंतर काय होतं ते पाठ होतं. आणि आपण त्यांची कीव केली! तिला स्वतःची लाज वाटली.

"मशीन नुसता धागा बघतीया, मालक," ती घाईघाईनं म्हणाली. "नक्षी बघत न्हाई. मोराला दोन चोची काढल्या तरी बरोबर हाय म्हणंल. ते मामांनाच दिसतंय."

शेठनी क्षणभर विचार केला. "ठीक आहे. मशीननं पास केलेलं हे डिझाईन सोमवारी माझ्यासमोर मामांना तपासायला दे. मशीनला न सापडलेली एक तरी चूक त्यांनी काढली, तर राहू देत. नाही तर एक तारखेपासून घरी बसतील. राजेश्वरी, एका कामाला दोन माणसं ठेवायला ही काही धर्मशाळा नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मामांना हे सांगितलं तेव्हा ते पट्टी पुसत होते. "सोमवारी? बरं," एवढंच म्हणाले. मग पट्टी बाजूला ठेवत, "कुंबारीत कुनाजवळ बोलू नगंस. चंद्रव्वाच्या कानावर जाईल."

शनिवारी मामा घरी गेल्यावर राजेश्वरीनं ते दोन लोंबते धागे बांधून घेतलेलं डिझाईन उघडलं. मोराच्या बाजूनं काठाला एक वेल जात होती. एक नक्षी संपून दुसरी सुरू होते तिथं वेलीची दोन टोकं जुळायला हवीत. तिनं खालचं टोक धरलं आणि चांगलं बारा घरं बाजूला सरकवलं. वेल तुटली. धागे सगळे बांधलेले, त्यामुळं मशीनला काही कळेना. तपासणीचं बटण दाबलं तर सगळं ठीक असल्याचं आलं. छापलेल्या कागदावर मात्र ती चूक शाळेतल्या पोरानंही बोट दाखवावं एवढी मोठी दिसत होती. तिला बरं वाटलं.

मामांना सांगून ठेवावं का, असं तिच्या मनात आलं. रविवारी तर ती कुंभारीला जायला पदर खोचून निघालीही होती. पण ज्यानं बोट धरून घरं मोजायला शिकवलं, त्याला 'हितं चूक ठेवलीया, ती काढा' म्हणून कसं सांगायचं? हा तर धडधडीत अपमान. मामांना दिसणारच की. गेलं वर्षभर त्यांच्या लाल खुणा कमी कमी होत आल्या होत्या, आणि त्यावरून आपला हात बसला असं धरून ती मनातून फुशारत होती. चप्पल पायातून काढून ती परत भाकरी थापायला बसली.

सोमवारी मामा धुतलेला सदरा घालून, कपाळाला विभूती लावून आले. कागद टेबलभर पसरलेला होता. अमृतशेठ खुर्ची ओढून बसले, एक डोळा मोबाईलवर. मामांनी कागदावरून तळहात फिरवला, पट्टी वरच्या कडेला लावली आणि एकेक ओळ खाली सरकवायला लागले.

राजेश्वरी त्यांच्या शेजारी उभी होती. पट्टी तुऱ्यावरून गेली, चोचीवरून गेली. मामांचे ओठ घरं मोजल्यासारखे हलत होते. काठावरची वेल जवळ आली तशी ती टेबलाजवळ सरकली. पट्टी तुटलेल्या टोकाशी आली, टोकावरून गेली आणि पुढं सरकली.

ती खोकली. मामांनी मान वर केली नाही. पट्टी आणखी खाली गेली. परत येतील, तिला वाटलं, आधी सगळं बघून घेतील आणि मग परत येतील. मामा कागदाच्या खालच्या कडेपर्यंत पोचले, तिथं थांबले आणि परत फिरले नाहीत.

"झालं का मामा?" शेठनी विचारलं. "मला माल भरायचाय."

"झालं की." मामांनी पेन्सिल उचलली. ती कागदावर थोडा वेळ अधांतरी हिंडली. मग मोराच्या मानेच्या मध्यावर त्यांनी एक ठसठशीत लाल गोल काढला. "हितं. हितं धागा लोंबतोय बगा."

राजेश्वरी वाकली. तिथं काहीही नव्हतं. धागे एकाआड एक बांधलेले, स्वच्छ, मामांनीच शिकवलेले. तिनं मामांकडं बघितलं. ते तिच्याकडंच बघत होते, पण मान तिरकी करून, तिच्या कानाकडं बघितल्यासारखे. गेले कित्येक महिने ते सगळ्यांकडं असेच बघत होते. वयाची लकब म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

"काय गं?" शेठ उठून उभे राहिले. त्यांना तो कागद वाचता येत नव्हता. लाल गोल तेवढा दिसत होता. "खरंच आहे का तिथं काही? मशीननं तर सगळं ठीक सांगितलं होतं."

तिला राग आला. मामांचा आला, शेठचा आला, आणि शनिवारी एवढी शहाणी झालेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

"व्हय मालक," ती म्हणाली. "मलासुदिक दिसलं नव्हतं. ह्यो माल तसाच गेला असता तर सगळाच्या सगळा परत आला असता."

शेठनी लाल गोलाकडं एकदा, मामांकडं एकदा बघितलं. "मानलं बुवा," ते म्हणाले आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. "बसा इथंच. दिवाळीला तुम्हाला हारतुरे घालूनच पाठवतो."

ते गेले. दार लोटलं गेलं तरी लूमचा खडखडाट आत येतच राहिला. मामा स्टुलावर बसले, पेन्सिल हातात तशीच.

"राजव्वा," पेन्सिलीचं टोक चाचपत त्यांनी विचारलं, "खरंच हुती काय गं तितं?"

त्या आवाजात एवढी आशा होती की तिला दुसऱ्यांदा खोटं बोलता येईना. ती कागदाची उचललेली कड बोटानं दाबत उभी राहिली. मामांना काय ते समजलं.

"साखरेनं पडदा खाल्लाय म्हनं डोळ्याचा," ते म्हणाले. "डाक्टर म्हनला मदला भाग गेला. कडंकडंचं दिसतंय. मानसं दिसत्यात, दार दिसतंय, रस्ता दिसतंय. ही घरं तेवडी दिसत न्हाईत."

"मला तरी सांगायचं की वो मामा!"

"काय सांगू? आन् सांगितलं म्हंजे नाव कटलं." त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "बरं, तू घातल्याली कुटं हाय ती दाव."

"काय?"

"चूक. येक घातली आसशीलच की तू. तुज्या जागी मी आसतो तर मी बी घातली आसती."

राजेश्वरीनं त्यांचं बोट धरलं, काठापाशी नेलं आणि वेल तुटली होती तिथं टेकवलं. "हितं. टोक सरकवलंय. बारा घरं."

"बारा घरं," मामा म्हणाले. बोट कागदावर थोडं पुढं गेलं, थोडं मागं आलं. "बारा घरं म्हंजे आंदळ्याला बी…" पुढचं त्यांनी गिळलं.

राजेश्वरीला रडू आवरेना. ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही की समजूत घातली नाही. तिचं रडणं ओसरल्यावर म्हणाले, "ऊठ. वेल सांद आदी. तसंच लूमवर गेलं तर खरंच माल परत यील."

ती उठली. डोळे पुसून तिनं डिझाईन उघडलं, वेलीचं टोक धरून बारा घरं मागं आणलं आणि जुळवलं. मशीननं पुन्हा तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मामांनी तोवर मोठा कागद गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता आणि पायानं चाचपून चपला शोधल्या होत्या.

"उद्या मी न्हाई. चंद्रव्वाचा वार हाय," ते म्हणाले. "परवा येतो."

"या की."

दारात ते थांबले. वळले नाहीत, पाठमोरेच बोलले.

"आन् राजव्वा, परवापास्नं मालक यायच्या आदी, खूण कुटं करायची तेवडं मला सांगत जा."

तिनं मान डोलावली. मग मामांची पाठ आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि लूमच्या आवाजावरून जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "व्हय मामा."